मार्कशीटवरचा विषय कोड नुसता आकडा नाही. कॉलेज बदलताना तोच कामी येतो

ग्वाल्हेर : कॉलेजात प्रवेश घेताना पोरं विषयाचं नाव बघतात, फी बघतात. नावाआधी छापलेला कोड मात्र कुणी वाचत नाही. दोन वर्षांनी वडिलांची बदली होते, ग्वाल्हेरहून नागपूर किंवा पुण्याला जायची वेळ येते, आणि तिथल्या खिडकीवर पहिला प्रश्न येतो : हा पेपर कोणत्या लेव्हलचा, किती क्रेडिटचा?

ग्वाल्हेरचे जिवाजी विद्यापीठ 1964 साली स्थापन झाले. पूर्वी इथेही बहुतेक विद्यापीठांसारखाच सरळ हिशोब होता. पहिले वर्ष, दुसरे वर्ष, पेपर पहिला, पेपर दुसरा. 2021-22 पासून मध्य प्रदेशात नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आणि कोडची रचना बदलली. विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाचा कोड ‘एस 1’ ने सुरू होतो, वाणिज्यचा ‘सी 1’ ने. पुढे विषयाची अक्षरे, मग पेपरचा क्रमांक, आणि थिअरी असेल तर शेवटी ‘टी’. म्हणजे कोड वाचला की शाखा, वर्ष, विषय आणि पेपर एका नजरेत कळतात.

आकड्यांचा अर्थ काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये पदवीचा जो आराखडा दिला, त्यात देशभरासाठी तीन अंकी क्रम सुचवला आहे :

– 100 ते 199 : पायाभूत, ओळखीचे अभ्यासक्रम
– 200 ते 299 : मध्यम पातळी
– 300 ते 399 : मुख्य विषयाची वरची पातळी
– 400 ते 499 : प्रगत, चौथ्या वर्षाच्या तोडीचे
– 500 आणि 600 ची मालिका : पदव्युत्तर
– 700 पासून पुढे : पीएच.डी.

पहिला अंक विषय किती खोल आहे ते सांगतो. अर्थशास्त्र 100 च्या मालिकेतही असते आणि 300 च्याही. नाव सारखे, पण दोन्ही पेपर एकच नव्हेत.

मेजर, मायनर आणि बाकीचे

दुसरी विभागणी प्रकाराची. मध्य प्रदेशात मेजर, मायनर, इलेक्टिव्ह, व्यावसायिक, आधार पाठ्यक्रम आणि प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिप असे गट आहेत. महाराष्ट्रात संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून हे धोरण आले, तिथे ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली असे वेगळे कप्पे आहेत. इथेच घोळ होतो. ग्वाल्हेरला अकाउंट्स मायनर म्हणून केले आणि महाराष्ट्रात ते मेजर म्हणून दाखवायला गेले, तर नुसत्या नावावर ते चालत नाही. खतावणीत रक्कम बरोबर आणि खाते चुकीचे, असला हा प्रकार.

तिसरी गोष्ट क्रेडिट. 1 क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमध्ये 15 तासांचे वर्गातले शिक्षण, प्रात्यक्षिक असेल तर 30 तास. त्यामुळे 4 क्रेडिटचा थिअरी पेपर 60 तासांचा. आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 आणि चार वर्षांच्या पदवीला 160 क्रेडिट लागतात. ही क्रेडिट्स अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थ्याच्या 12 अंकी आयडीवर जमा होतात.

पण बँकेत जमा आहेत म्हणून नवे विद्यापीठ ती डोळे मिटून घेत नाही. लेव्हल, गट आणि अभ्यासक्रम जुळतो का, हे ते तपासते. जुळले नाही तर पेपर पुन्हा द्यावा लागतो, कधी वर्षही जाते.

हे जवळ ठेवा

– प्रत्येक वर्षाची मार्कशीट, कोड आणि क्रेडिट स्पष्ट दिसणारी
– त्या वर्षाचा अभ्यासक्रम, शक्यतो कॉलेजच्या शिक्क्यासह
– क्रेडिट बँकेचा आयडी, आणि क्रेडिट खरोखर जमा झाल्याची खात्री
– मायग्रेशन सर्टिफिकेट

फॉर्म भरतानाच मेजर-मायनर नीट बघून घ्यावे. नंतर खिडकीवर वाद घालून कोड बदलत नाही.