राखीव पैसा कोठे ठेवावा?

सहकारी बँकेने राखीव पैसा कोठे ठेवावा, हा केवळ संचालकांच्या मर्जीचा प्रश्न नव्हे. मार्च २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक कोसळली. शेअरदलाल केतन पारेख याला तिने बेसुमार कर्जे दिली होती. आणि गुजरातेतील कित्येक लहान नागरी बँकांनी आपल्या ठेवी तिच्याच हवाली केल्या होत्या. सट्ट्याशी काडीचाही संबंध नसलेले ठेवीदार त्यामुळे हवालदिल झाले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नागरी बँकांच्या परस्परांतील ठेवींना मनाई केली. हा सहकाराच्या स्वायत्ततेवर घाला, असे कोणी म्हणेल. परंतु अडचणीच्या दिवशी हाती न येणाऱ्या पैशाला राखीव म्हणावे तरी कसे? मनाई झाली तीही बँक कोसळल्यावर. माधवपुराचा परवाना रद्द व्हावयास तर २०१२ साल उजाडले!