या नाण्यावर सही कोणाची?

आपल्या खिशातली पाचशेची नोट काढून जरा निरखून पाहा. तिच्यावर धारकाला रक्कम अदा करण्याचे एक वचन छापलेले असते आणि त्या वचनाखाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते. गव्हर्नर बदलतात, सरकारे बदलतात. पण वचन देणारा कोण, याविषयी कोणाच्याही मनात संदेह नसतो. शिवकालीन शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे होती, तीही याचसाठी. तांब्याच्या त्या तुकड्याला मोल आले ते त्या नावामुळे!

आज मात्र नाणे पाडावयास ना टांकसाळ लागते, ना तांबे. संगणक जाणणारा कोणीही मनुष्य घटकाभरात नवे आभासी नाणे निर्माण करू शकतो. त्याला भारदस्त इंग्रजी नाव द्यावे, एक चकचकीत चित्र काढावे आणि ‘आज एक रुपया, वर्षभरात शंभर’ अशी दवंडी पिटावी, की दुकान सुरू! अशा वेळी गिऱ्हाइकाने एकच प्रश्न विचारावयाचा असतो : या नाण्यामागे मनुष्य कोण आहे? आणि नेमका हाच प्रश्न आपल्याकडे सर्वांत शेवटी, म्हणजे पैसे बुडाल्यावर, पोलीस ठाण्याच्या पायरीवर विचारला जातो.

पालघर, बोईसर आणि तारापूर येथील वाचकांपुढे हा विषय आम्ही आजच मांडतो आहोत, याला कारण आहे. या जिल्ह्यात सध्या पैसा येतो आहे. बुलेट ट्रेन, मुंबई-बडोदे द्रुतगती महामार्ग, मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग यांच्यासाठी येथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि त्यांच्या हाती मोबदला पडला. वाढवण बंदराची कोनशिला ऑगस्ट २०२४ मध्ये बसली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या वासात आयुष्य काढलेला कामगार निवृत्त होतो, तेव्हा भविष्यनिर्वाह निधीची रक्कम त्याच्या हाती एकदाच येते. पिढ्यान् पिढ्यांची जमीन आणि उभ्या आयुष्याचे श्रम यांचे रोख रूपांतर म्हणजे हा पैसा आहे. तो एकदा गेला की पुन्हा येणार नाही. कारण विकावयाला दुसरी जमीन नाही आणि राबावयाला दुसरे आयुष्य नाही! गूळ दिसला की मुंगळे येणारच.

हे मुंगळे महाराष्ट्राने पुरते पाहिलेले आहेत. ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या योजनेने दरमहा १० टक्के याप्रमाणे १८ महिने परतावा देण्याचे आमिष दाखविले. पुणे आणि नांदेड येथे गुन्हे नोंदले गेले. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्यानुसार सुमारे ६,६०० कोटी रुपये या योजनेत गोळा झाले. आरंभी परतावा बिटकॉइनमध्ये मिळे. पुढे नवे गिऱ्हाईक आटले, तेव्हा चालकांनी ‘एमकॅप’ नावाचे स्वतःचेच नाणे काढले आणि ते लोकांच्या पदरात टाकले. खरे घेतले आणि घरचे दिले! मुख्य आरोपी अमित भारद्वाज यास एप्रिल २०१८ मध्ये अटक झाली; जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. त्याच वर्षी मार्चमध्ये, हा गुंता सोडविण्यासाठी पोलिसांनी बोलावलेल्या दोघा तज्ज्ञांनाच जप्त चलनाच्या अपहाराच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी अटक केली! अखेर प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले आणि त्या विभागाने फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर ६० ठिकाणी झडत्या घेतल्या. पहिला गुन्हा नोंदल्यानंतर इतकी वर्षे लोटली, तरी पैसा अखेर कोणाच्या तिजोरीत विसावला याचा शोध चालूच राहिला.

दुसरे उदाहरण याहूनही बोलके आहे. ‘वनकॉइन’ या नाण्याचा मेळावा एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबईत भरला असता पोलिसांनी तेथेच धाड घालून १८ जणांना पकडले. हे सारे स्थानिक प्रचारक. नाणे मात्र बल्गेरियातल्या सोफिया शहरातून चालविले जात होते आणि त्याची कर्ती-करविती होती रुजा इग्नातोव्हा नावाची बाई. त्या नाण्याला खरी सार्वजनिक खातेवहीच नव्हती. पडद्यावर दिसणारा चढता भाव कंपनी स्वतःच ठरवीत असे! ही बाई ऑक्टोबर २०१७ मध्ये सोफियाहून अथेन्सच्या विमानात बसली, ती पुन्हा दिसली नाही. २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने तिचे नाव दहा अतिवाँछित फरारींच्या यादीत घातले आणि २०२४ मध्ये तिच्यावरील इनाम ५० लाख डॉलरपर्यंत वाढले. कोठे सोफिया आणि कोठे नवी मुंबई! या दोहोंना जोडणारा दुवा कोणता?

तो दुवा म्हणजे आपला ओळखीचा मनुष्य. या धंद्याचे खरे मर्म येथे आहे. सूत्रधार कधीच दारात येत नाही. दारात येतो तो पाळीतला सहकारी, मेव्हणा, भिशीतली वहिनी, शाळेतले जुने गुरुजी. ‘मी स्वतः घातले आहेत, मला दोन हप्ते मिळाले आहेत,’ असे तो सांगतो, आणि ते बहुधा खरेही असते. त्याचे हप्ते त्याच्यामागून आलेल्यांच्या पैशातून गेलेले असतात, हे त्या बिचाऱ्यालाही ठाऊक नसते. १९२० साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरी चार्ल्स पाँझीने ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचे वचन देऊन हाच खेळ केला होता. तेव्हा निमित्त टपालाच्या कूपनांचे होते, आज आभासी नाण्याचे आहे. वचनावर सही हवी होती सूत्रधाराची; आपण ती वाचतो शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर!

यावर कोणी चतुर म्हणेल, बिटकॉइनचा जनक तरी कोणाला माहीत आहे? प्रश्न रास्त आहे. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने त्याचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि या नावामागचा मनुष्य आजही अज्ञात आहे. परंतु त्याने कोणाकडून ठेवी मागितल्या नाहीत आणि दरमहा दहा टक्क्यांचे वचनही दिले नाही. त्याची आज्ञावली उघडी आहे, त्याची खातेवही जगात कोणालाही तपासता येते. ज्याने वचन दिलेच नाही त्याचे नाव न कळले तरी निभावते. जो वचन देतो आणि नाव लपवितो, तो मात्र पळावयाची वाट आधीच आखून आलेला असतो!

मग सामान्य मनुष्याने शोध घ्यावा कसा? कंपनीचे संचालक कोण आणि ती केव्हा स्थापन झाली, हे केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदवहीत पाहता येते. मात्र कंपनी नोंदलेली असणे म्हणजे ठेवी घेण्याचा परवाना नव्हे. तो आहे की नाही हे पाहण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे ‘सचेत’ संकेतस्थळ आहे. आभासी चलनाचे व्यवहार करणाऱ्या संस्थांना मार्च २०२३ पासून काळा पैसा प्रतिबंधक कायदा लागू झाला असून केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे त्यांची नोंद असावी लागते. नाण्याची खातेवही उघडी आहे काय, आणि बहुतेक नाणी दोन-चार खात्यांतच तर साठलेली नाहीत ना, हे महाविद्यालयात शिकणारा घरचा मुलगाही तपासू शकेल. ‘सरकार ३० टक्के कर घेते, म्हणजे धंदा कायदेशीर,’ या युक्तिवादाला तर मुळीच भुलू नये. कराची पावती म्हणजे प्रामाणिकपणाचे प्रशस्तिपत्र नव्हे.

परंतु सारा भार नागरिकाच्या शिरावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यान्वये अशा ठेवींसाठी नुसते आवाहन करणे हादेखील अपराध आहे आणि त्याला एक ते पाच वर्षे कारावासाची शिक्षा आहे. म्हणजे कोणी तरी बुडेपर्यंत थांबण्याचे पोलिसांना कारण नाही. नवी मुंबईत भर मेळाव्यात जे घडले, ते पालघर-बोईसरच्या सभागृहांत का घडू नये? दामदुपटीचा मेळावा जाहीर झाला की आर्थिक गुन्हे शाखेच्या अधिकाऱ्याने पहिल्या रांगेत बसून सूत्रधाराचे नाव विचारलेच पाहिजे. जिल्हाधिकाऱ्यांनी मोबदल्याच्या धनादेशाबरोबरच इशाऱ्याचे मराठी पत्रक शेतकऱ्याच्या हाती ठेवलेच पाहिजे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

चिंचणीच्या पट्ट्यात घरोघरी डायमेकर बसतात. दागिन्यांचे ठसे ते पोलादात कोरतात. कोणता ठसा कोणाच्या हातचा, हे जाणकार सराफ नजरेने ओळखतो. हात ओळखल्यावाचून तो सोने ओतत नाही. पालघरच्या शेतकऱ्याने आणि तारापूरच्या कामगारानेही हाच शिरस्ता पाळावा. नाणे दाखविणाऱ्याला सांगावे, ‘आधी ठसा कोरणाऱ्याचे नाव सांग, पैशाचे नंतर पाहू.’ नाव सांगता आले नाही, तर त्याला चहा पाजावा आणि रिकाम्या हाताने परत पाठवावे!