बांधकामाचा गाळ आणि पिण्याचे पाणी

पावसाळा आला की जुलाब, कावीळ आणि टायफॉईडचे रुग्ण वाढतात. आपण दोष पावसाला देतो. पण पाऊस पाणी घाण करत नाही, तो जमिनीवरची घाण पाण्यात नेतो.

मेढ्याच्या उतारावरून वाहणारे पाणी गटारे व ओढ्यांतून वेण्णा नदीत उतरते, तेथून कण्हेर धरणात आणि पुढे माहुलीला कृष्णेत जाते. पावसाचे हे पाणी वाटेत कोठेही शुद्ध होत नाही. त्यामुळे बांधकामाची माती, सिमेंटचे पाणी, गॅरेजमधील जळके ऑईल आणि मजुरांनी उघड्यावर केलेला शौच हे सारे पहिल्या सरींबरोबरच नदीत पोहोचते.

गाळ दिसायला निरुपद्रवी वाटतो, पण खरी गोम तेथेच आहे. गढूळ पाण्यात टीसीएल पावडर टाकली तरी तिचा बराचसा क्लोरीन गाळातच खर्ची पडतो आणि मातीच्या कणांआड जंतू सुरक्षित राहतात. सिमेंटचे पाणी चुन्याच्या निवळीसारखे दाहक असते. त्याने मासे मरतात, कातडी भाजते. ऑईल तर पाणी उकळूनही जात नाही. एक लिटर जळके ऑईल दहा लाख लिटर पाणी खराब करू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते.

उपाय साधे आहेत. वाळू व मातीचे ढीग गटारापासून दूर ठेवून ताडपत्रीने झाकावेत. उताराच्या खालच्या बाजूला वाळूची पोती रचावीत म्हणजे गाळ अडतो व पाणी निथळून जाते. घमेली व मिक्सर खड्ड्यावर धुवावेत. तळाला वाळलेला थर राडारोड्यात टाकावा. डिझेल व रंगाचे डबे छपराखाली ठेवावेत. सांडलेल्या तेलावर पाणी ओतू नये. लाकडाचा भुसा टाकून तो भरून घ्यावा. जळके ऑईल झाकणाच्या पिंपात साठवून ते शुद्ध करणाऱ्या परवानाधारकालाच द्यावे. मजुरांसाठी संडासाची सोय काम सुरू होण्याआधीच करावी.

घरी गढूळ पाणी आल्यास ते तुरटी फिरवून निवळू द्यावे, गाळावे व चांगले उकळावे. तेलाचा वास किंवा तवंग असेल तर मात्र ते पिऊ नये. डोळे वा लघवी पिवळी दिसल्यास झाडपाल्यात वेळ न घालवता तपासणी करून घ्यावी. गरोदर स्त्रियांनी तर एक दिवसही थांबू नये. पाण्यातून पसरणारी कावीळ त्यांच्या जिवावर बेतू शकते.