डांबरी सोडा, पांदण धरा : रानवाटेवर धावायचं कसं, आणि सांभाळायचं काय

चकलांबा घ्या, उमापूर घ्या, की गेवराई तालुक्यातलं दुसरं कुठलंही गाव. फजरच्या सुमारास डांबरी रस्त्यावर धपधप पावलं ऐकू येतात. पोलीस भरतीची, सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं असतात ती. अंधार, अंगात गडद टी-शर्ट, कानात इअरफोन आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, दिवा एकच. धावणाऱ्या मुलाला वाहनाने उडवल्याची बातमी आपण अधूनमधून वाचतो, हळहळतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच मुलाला त्याच रस्त्यावर पाठवतो. हाकेच्या अंतरावर पांदण मात्र रिकामी असते.

या पांदणीवर, माळावर, बैलगाडीच्या चाकोरीत, कॅनॉलच्या कडेने धावण्यालाच शहरात ‘ट्रेल रनिंग’ म्हणतात. पुण्याकडे सिंहगड-राजगड-तोरणा अशा किल्ल्यांच्या वाटांवर त्याच्या मोठ्या शर्यती होतात, लोक पैसे भरून त्यात उतरतात. आपल्याकडे ती वाट घराच्या मागेच आहे, म्हणून तिची किंमत नाही.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण बघा. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. शेतकरी कुटुंब. शाळा सहा किलोमीटरवर, वाहन नाही, म्हणून लहानपणापासून रोज पायी किंवा पळत जायचं. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला. तिथे २०१५ मध्ये त्याने स्पर्धेत धावायला सुरुवात केली ती क्रॉस कंट्रीतून, म्हणजे माळरानावरच्या, चढ-उताराच्या शर्यतीतून. पुढे तो ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळला. या शर्यतीत २८ वेळा लाकडी अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडायचा असतो. बांध आणि ओढा ओलांडण्यासारखंच म्हणा ना! २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला रौप्य मिळालं, सुवर्ण हुकलं ते अवघ्या पाच शतांश सेकंदाने. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. प्रत्येकाने साबळे व्हावं असं आमचं म्हणणं नाही. पण ज्या मातीत तो घडला, तशीच माती आपल्या पायाखाली आहे.

फायदा नेमका काय? डांबरीवर प्रत्येक पाऊल सारखंच पडतं, तोच सांधा, तोच स्नायू पुन्हा पुन्हा मार खातो. रानवाटेवर एक पाऊल दगडाच्या बाजूने, दुसरं चाकोरीत, तिसरं बांधावर. घोटा, पिंढरी, मांडी, कंबर सगळ्यांना काम मिळतं आणि तोल सांभाळायची सवय लागते. ही सवय म्हातारपणी फार कामाला येते, कारण त्या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड मोडणं. चढावर हळू गेलं तरी हृदयाला चांगला व्यायाम होतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोराचा व्यायाम सांगते. आठवड्यात तीन दिवस अर्धा तास रानात काढला, तर यातला मोठा हिस्सा भरून निघतो. रक्तातली साखर आणि बीपी ताब्यात राहायला मदत होते, झोप चांगली लागते. आपल्या घरांत दावतीही जोरात आणि शुगरच्या गोळ्याही जोरात, हे आम्ही वेगळं सांगायला नको.

ज्यांच्या घरात कुणी हज किंवा उमरा ठरवलाय, त्यांनी तर हे मनावर घ्याच. सफा-मरवाच्या सईच्या सात फेऱ्या मिळूनच तीन किलोमीटरच्या वर चालणं होतं, तवाफ वेगळा, मिनाचं चालणं वेगळं. अम्मी-अब्बूंना धावायला लावू नका, पण चार-पाच महिने आधीपासून पांदणीने चालवा.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, आणि शुगर, बीपी, दमा, हृदयाचा त्रास किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असलेल्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी चालू असेल तर धावताना साखर एकदम खाली येऊ शकते. हात थरथरणं, घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणं. खिशात गूळ किंवा दोन-चार खजूर ठेवा. शुगर असलेल्यांनी घरी आल्यावर तळपाय रोज बघायचे. त्यांना काटा रुतलेला कळत नाही आणि बाभळीच्या काट्याची साधी जखम चिघळते.

सुरुवात हळू करा. इथेच बहुतेक जण चुकतात. पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर पळतात, तिसऱ्या दिवशी नडगी धरून बसतात. पहिले दोन आठवडे एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं अर्धा तास, दिवसाआड. मग दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं. दोन-अडीच महिन्यांत वीस मिनिटं सलग पळता आलं तरी खूप झालं. पळताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे. चढावर चालायला लाजू नका, मोठ्या शर्यतीतले पळणारेही चालतात. उतारावर पावलं लहान टाका, कारण माणूस चढताना कमी आणि उतरताना जास्त पडतो. नजर चार-पाच पावलं पुढे ठेवा, अंगठ्याकडे नाही.

बूट महागच हवेत असं नाही. तळाला खाचा असलेला, टाच न हलणारा आणि पुढे बोटांना थोडी जागा सोडणारा बूट पुरे. झिजून गुळगुळीत झालेला तळ माळावरच्या मुरमावर हमखास घसरतो. पावसाळ्यात काळ्या रानात जाऊच नका, बुटाला चिखलाचे गोळे लागतात आणि पाय मुरगळतो. उन्हाळ्यात त्याच रानाला भेगा पडतात, पाय आत गेला की घोटा गेला. म्हणून मळलेली वाट सोडायची नाही.

आता आपल्या शिवारातल्या धोक्यांबद्दल. यावर कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलं म्हणजे अंधार. फजरची नमाज झाली की थोडं थांबा, वाट नीट दिसू लागल्यावर निघा. साप अंधारात दिसत नाही, कठडा नसलेली विहीरही दिसत नाही. उसाच्या फडाला लागून अंधारात जाणं तर टाळाच. २०२० च्या हिवाळ्यात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसांचे जीव घेतले होते, ते आपल्याला आठवत असेल.

दुसरं, तार. रानडुकरांपासून पीक राखायला काही जण कुंपणात चोरून थेट वीज सोडतात. ते बेकायदेशीर आहे आणि त्यात माणसंही मेली आहेत. म्हणून कुणाच्याही शेतातून आडवं घुसायचं नाही. ज्याच्या बांधावरून जाणार, त्या शेतकऱ्याला आधी सलाम-नमस्कार करून विचारून घ्या. तार कुठे आहे, कुत्रं कुठलं चावरं आहे, हे तोच सांगेल.

कुत्रा अंगावर आला तर पळू नका. थांबा, तोंड त्याच्याकडे ठेवा आणि सावकाश मागे सरका. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करा. हळद-मिरची लावून घरी बसू नका.

साप चावला तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, आवळून दोरी बांधायची नाही. माणसाला धीर द्या, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर दवाखान्यातलं इंजेक्शन आहे. झाडफुकीत गेलेला एकेक तास जिवावर बेततो. मग झाडफूक करणारा कुठल्याही धर्माचा असो.

ऊन आणि वीज राहिली. एप्रिल-मेमध्ये आठ वाजायच्या आत घरी या. डोकं गरगरलं, मळमळलं, घाम येणं थांबलं, बोलण्यात घोटाळा व्हायला लागला तर सावलीत झोपवून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तसंच दवाखान्यात न्या. आभाळात गडगडाट ऐकू आला की माघारी फिरा, झाडाखाली थांबू नका.

मुलींचं काय, हा प्रश्न घराघरांत निघतो. आमचं मत सरळ आहे : त्यांना मुलांइतकीच याची गरज आहे, किंबहुना जास्त, कारण त्यांचा दिवस चार भिंतींत जातो. सैल कुर्ता-पायजमा, नीट पिन लावलेला स्कार्फ, पायात बूट, एवढ्यात काम भागतं. पायघोळ कपडा मात्र दगडावर अडकतो. नणंद-भावजय, मायलेकी, शेजारणी अशा तिघी-चौघींनी मिळून जावं. कुणीही, पुरुषानेसुद्धा, एकट्याने जाताना कुठल्या वाटेने जातोय आणि कधी परतणार ते घरी सांगून जावं. मोबाइल चार्ज केलेला असावा, इअरफोन मात्र घरीच.

रमजानमध्ये धावायची नवी सुरुवात करू नका. सवय असेल त्यांनी इफ्तारच्या अगदी आधी वीस मिनिटं हलकं पळावं, नाहीतर तरावीहनंतर गावातच, दिव्याच्या उजेडात चालावं. सहरीनंतर लगेच पळून दिवसभर तहानेने तळमळणं शहाणपणाचं नाही.

आणि भरतीच्या पोरांसाठी शेवटचं. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळायचं असतं, ते सपाट मैदानावर. म्हणून दोन दिवस पांदण आणि आठवड्यातून एक दिवस शाळेच्या मैदानावर घड्याळ लावून, असा मेळ बसवा. पांदणीवर घड्याळ बघू नका, तिथे वेळ जास्तच लागणार. शाळेचं मैदान सकाळी उघडं मिळावं म्हणून मुख्याध्यापकांना आणि ग्रामपंचायतीला गावातल्या चार वडीलधाऱ्यांनी जाऊन सांगितलं, तर पोरांना हायवेवर जायची वेळच येणार नाही.