मेयो परगण्याच्या दगडी खुणा

अजमेरच्या मेयो कॉलेजमुळे आणि नागपूरकरांच्या तोंडी रुळलेल्या 'मेयो' रुग्णालयामुळे हे नाव आपल्याला परिचित आहे. भारताचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांची १८७२ मध्ये पोर्ट ब्लेअर येथे हत्या झाली. त्यांच्या घराण्याची पदवी ज्या परगण्याच्या नावावरून आली, तो मेयो आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. तेथील प्राचीन चर्च, गढ्या आणि जमीनदारांचे प्रासाद यांच्या भिंतींतून त्या देशाचा आठशे वर्षांचा इतिहास उलगडत जातो.

यातील सर्वांत जुनी साक्ष बॅलिनटबर येथील मठाची. कॉनॅक्टचा राजा काहल ओकॉनर याने १२१६ मध्ये तो बांधविला. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठांची मालमत्ता जप्त केली. १६५३ मध्ये क्रॉमवेलच्या सैनिकांनी मठाला आग लावली आणि चर्चचे छप्पर नष्ट झाले. तरीही कॅथलिक भाविकांनी ही जागा सोडली नाही. पुढे पिढ्यान् पिढ्या पावसापाण्यात, उघड्या आभाळाखाली तेथे प्रार्थना होत राहिली. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेले जीर्णोद्धाराचे काम दुष्काळामुळे थांबले. अखेर १९६६ मध्ये, स्थापनेला ७५० वर्षे होत असताना, चर्चवर पुन्हा छप्पर चढले.

क्ल्यू उपसागराच्या काठी उभी असलेली रॉकफ्लीटची चौमजली गढी ग्रेस ओमॅली या दर्यावर्दी सरदारणीच्या नावाने ओळखली जाते. अशा अरुंद, जाड भिंतींच्या गढ्या आयर्लंडमध्ये विपुल आहेत. मोठा किल्ला बांधण्याचे सामर्थ्य नसलेली स्थानिक घराणी संरक्षण आणि निवास या दोन्हींसाठी त्या उभारीत. इंग्रजांची सत्ता पश्चिमेकडे पसरू लागली, तेव्हा ग्रेसने १५९३ मध्ये थेट लंडन गाठून पहिल्या एलिझाबेथ राणीची भेट घेतली.

ग्रेसच्याच वंशातील एका स्त्रीचा विवाह ब्राऊन घराण्यात झाला. ओमॅलींच्या जुन्या गढीच्या जागी या घराण्याने वेस्टपोर्ट हाऊस उभारले. अठराव्या शतकात रिचर्ड कॅसल्स आणि जेम्स वायट यांसारख्या नामांकित वास्तुविशारदांचे हात त्याला लागले. तटबंदीची जागा आता मोठ्या खिडक्यांनी आणि बागांनी घेतली. या वैभवाचा मुख्य आधार होता तो कुळांकडून मिळणारा खंड. पुढे जमीन गेली आणि देखभालीचा खर्च मात्र उरला. तो भागविण्यासाठी १९६० मध्ये घर पर्यटकांसाठी खुले झाले. मालमत्ता केवळ पुत्राकडे जाण्याची अट दूर करून मुलींना वारसा मिळावा, यासाठी १९९३ मध्ये विशेष कायदा संमत करून घेण्यात आला. तथापि, कर्जाचा भार वाढला आणि २०१७ मध्ये एका स्थानिक कुटुंबाने ही वास्तू विकत घेतली.

सर्वांत चटका लावणारी कथा मूर हॉलची आहे. स्पेनमधील व्यापारात संपत्ती मिळविलेल्या जॉर्ज मूर यांनी १७९० च्या दशकात कारा सरोवराकाठी हा प्रासाद बांधला. हे घराणे कॅथलिक होते. त्यांचा पुत्र जॉन १७९८ च्या उठावात फ्रेंचांच्या मदतीने स्थापन झालेल्या कॉनॅक्ट प्रजासत्ताकाचा अध्यक्ष झाला. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ ओढवला. १८४६ मध्ये नातू जॉर्ज हेन्री मूर यांचा 'कोराना' हा घोडा चेस्टर कप शर्यतीत जिंकला. त्या पैशातून त्यांनी आपल्या कुळांना अन्न पुरविले. मूर यांच्या जमिनीवर एकही कूळ उपासमारीने मेले नाही, असे परंपरेने सांगितले जाते.

असे असूनही १ फेब्रुवारी १९२३ रोजी, यादवी युद्धाच्या काळात, तहविरोधी गटाने मूर हॉल जाळला. कादंबरीकार जॉर्ज मूर तेव्हा त्याचे मालक होते. पण त्यांचे बंधू मॉरिस नव्या राज्याच्या सिनेटचे सदस्य झाले होते आणि तेच निमित्त ठरले. १९१९ ते १९२३ या काळात आजच्या आयरिश प्रजासत्ताकाच्या भूभागात असे पावणेतीनशेच्या आसपास प्रासाद जाळण्यात आले. काहींमागे कुळांचा जुना रोष होता, तर काहींमागे केवळ राजकारण. आगीने चांगला आणि वाईट जमीनदार असा भेद केला नाही.

स्वातंत्र्यानंतर अनेक दशके ही घरे परकीय सत्तेची प्रतीके मानली गेली आणि त्यांच्या पडझडीबद्दल फारसे कुणाला वाईट वाटले नाही. ही दृष्टी हळूहळू बदलत गेली. मेयो परगणा परिषदेने २०१८ मध्ये मूर हॉल आणि भोवतालची जमीन विकत घेतली. त्या भग्नावशेषांत दुर्मीळ जातीच्या संरक्षित वटवाघळांची वसाहत असल्याने कोणतेही काम जपूनच करावे लागते. मठ बांधणारे हात, गढीवर पहारा देणारे हात आणि प्रासादासाठी खंड भरणारे हात याच मातीतले होते. या वास्तू जपायच्या त्या त्यांच्या मालकांच्या गौरवासाठी नव्हे, तर या हातांची आठवण राहावी म्हणून, हेच त्यांच्या जतनाचे सर्वांत सबळ कारण म्हणावे लागेल.