आपलेच पैसे, आपलेच नाव

माझे वडील शाळामास्तर होते. इन्कमटॅक्सचा परतावा यायचा असला, की ते दुपारी दारात पोस्टमनची वाट पाहत बसायचे. चेक कधी सहा महिन्यांनी यायचा, कधी वर्षाने. "सरकारकडे गेलेला पैसा म्हणजे सासरी गेलेली लेक. माहेरी कधी येईल, सांगता येत नाही," असं आई म्हणायची.

आता चेकही नाही आणि पोस्टमनही नाही. १ मार्च २०१९ पासून परतावा पॅनशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होतो. तरीही २०२५ साली माझ्या ७,२०० रुपयांनी मला चार महिने वाट पाहायला लावली. त्याचीच ही हकीकत.

मी एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. २०२४-२५ मध्ये मला ७२,००० रुपये मानधन मिळालं. त्यातून १० टक्के टीडीएस कापला गेला. माझं सगळं उत्पन्न करमर्यादेच्या आतलं, म्हणजे कर मला लागतच नव्हता. पण विवरणपत्र भरल्याशिवाय कापलेले पैसे परत मिळत नाहीत. आधीची दोन वर्षं "एवढ्याशा पैशांसाठी कोण यातायात करणार?" म्हणून मी ते सोडून दिले होते. या वेळी मात्र ठरवलं, उभं राहून घेतलेल्या तासांचा पैसा आहे, तो घरी आणायचाच.

जुलैत विवरणपत्र भरलं. शेजारच्या वहिनींनीही त्याच आठवड्यात भरलं. त्यांचे पैसे तीन आठवड्यांत आले, माझे काही येईनात. गणपती झाले, नवरात्र झालं. "येतील गं, सरकारी काम आहे," असं म्हणून हे मोकळे! दसऱ्यानंतर एके दिवशी मुलाला शेजारी बसवून आयकर खात्याचं संकेतस्थळ उघडलं. पाहते तर काय, परतावा ऑगस्टमध्येच मंजूर झालेला, पण खात्यात जमा न होता परत गेलेला! माझं पॅन सासरच्या नावाचं आणि बँकेतलं खातं लग्नाआधीचं, माहेरच्या नावाचं. कागदोपत्री आम्ही दोघी निराळ्या. मग पैसे द्यायचे तरी कोणाला?

विवाह नोंदणीचा दाखला आणि पॅनची प्रत देऊन बँकेत नाव बदलून घेतलं. संकेतस्थळावर खात्याची पुन्हा पडताळणी केली आणि परतावा पुन्हा पाठवण्याची विनंती नोंदवली. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी पैसे जमा झाल्याचा निरोप फोनवर आला.

मग परताव्याला खरोखर वेळ लागतो तरी किती? विवरणपत्राची ई-पडताळणी झाल्यापासून साधारण चार ते पाच आठवडे, असं आयकर खातंच सांगतं. विवरणपत्रांची छाननी बेंगळुरूच्या केंद्रात होते. कायद्याने मात्र त्यांना बरीच सवड दिली आहे. जुलै २०२५ मध्ये भरलेल्या विवरणपत्राच्या छाननीची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. उशिराबद्दल दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं. ७,२०० रुपयांवर महिन्याला ३६ रुपये. विवरणपत्र मुदतीत भरलं असेल, तर हे व्याज १ एप्रिलपासून मोजतात, उशिरा भरलं तर भरल्या दिवसापासून. हे व्याजही पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवावं लागतं, बरं का!

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं जरूर करा.

१. पॅन, आधार आणि बँक खातं, तिन्हींवरचं नाव ताडून पाहा. पॅन आधारशी जोडलेलं नसेल, तर परतावा अडकतो.

२. विवरणपत्र भरलं म्हणजे काम संपलं असं नाही. ३० दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने पडताळणी करा. तोवर आपलं विवरणपत्र छाननीला घेतच नाहीत.

३. कापलेला टीडीएस आपल्या पॅनवर जमा झालेला दिसतो की नाही, हे भरण्याआधीच पाहा. नसेल तर कापणाऱ्याकडे लगेच पाठपुरावा करा.

४. महिना उलटला तर संकेतस्थळावर स्थिती पाहा. माझ्यासारखं दसऱ्यापर्यंत थांबू नका.

५. "परतावा मंजूर झाला, ओटीपी सांगा," असे फोन आणि संदेश फसवे असतात. ओटीपी किंवा पिन कुणालाही सांगू नका.

मागच्या दोन वर्षांच्या पैशांसाठी उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो, असंही आता कळलं आहे. तोही करणार आहे.

पैसे आल्यावर हे सहज म्हणाले, "चला, या महिन्याचा किराणा सुटला!" मी म्हटलं, "किराणा नेहमीसारखा तुमच्या पगारातून. हे माझ्या खात्यातच राहतील." हे हसले, पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या आईचं पासबुक माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "यावरचं नावही एकदा बघ ना."