तळणीच्या कढईची पन्नास वर्षे

पन्नास वर्षांपूर्वी मराठी घरातले तळण मोजक्या दिवसांचे असे. दिवाळीचा फराळ, सणाच्या पानातले कुरडया-पापड, पावसाळ्यातली भजी. कढई लोखंडी किंवा कल्हईची पितळी, तेल बहुतेक शेंगदाण्याचे. तळण आटोपले की उरलेले तेल गाळून ठेवायचे आणि कढई कोमट असतानाच राख आणि नारळाच्या काथ्याने घासायची. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ओली राख तेलकटपणाला लागली की त्या क्षारामुळे थोडा साबणच तयार होतो. लोखंडी कढईला मग पुसून तेलाचे बोट फिरवत, गंज चढू नये म्हणून.

गॅस आला, चूल गेली, राखही गेली. तिच्या जागी भांड्यांची पावडर आली, पुढे साबणाची वडी आणि मग बाटलीतला द्रव. कढई ॲल्युमिनियमची झाली. हलकी आणि स्वस्त, पण धुण्याचा सोडा लागला की काळी पडणारी. ज्यांना हे ठाऊक होते त्या बायका चिंच घालून पाणी उकळत आणि कढई उजळवत.

खरा बदल मात्र तेलात झाला. १९८६ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झाले. पुढच्या दशकात सूर्यफूल आणि सोयाबीनच्या रिफाइंड तेलाच्या पिशव्या वाण्याच्या दुकानात रुळल्या आणि तळण रोजचे झाले. या तेलांत बहुअसंतृप्त मेदाम्ले जास्त असतात. सतत तापल्यावर त्यांचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि कढईच्या कडेला लाखेसारखा तपकिरी, चिकट थर बसतो. त्यावर नुसता साबण चालत नाही. तारेच्या घासणीने ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी थर त्यांतच घट्ट धरून बसतो. स्टीलच्या कढईत गरम पाणी आणि खायचा सोडा घालून ती भिजत ठेवली, तर थर बराच सैल होतो.

विजेचा फ्रायर आला, तेव्हा घासण्याची रीतच बदलावी लागली. प्लग काढून तेल पूर्ण निवू द्यायचे, ते ओतून घ्यायचे, जाळी आणि भांडे धुवायचे. विजेचा भाग पाण्यात बुडवायचा नाही, फक्त पुसायचा. सगळे कोरडे झाल्याशिवाय नवे तेल घालायचे नाही, कारण राहिलेला पाण्याचा थेंब तापल्या तेलात उडतो.

१ जुलै २०१८ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तळणीच्या तेलातील, तेल पुन्हा पुन्हा तापल्याने वाढणाऱ्या ध्रुवीय घटकांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली. वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करण्याची योजनाही त्याच वर्षी आली. नियम अन्नव्यवसायांसाठी होता, पण घराघरात तेलाकडे पाहण्याची दृष्टी त्याने द्यायला हवी होती. काळे, दाट, फेसाळणारे, लवकर धुरकटणारे तेल टाकायचेच असते. तेही मोरीत नव्हे, निवल्यावर बाटलीत भरून.

राखेपासून बायोडिझेलपर्यंत एवढे बदलले, पण कढई घासणारे हात बहुतेक घरांत बाईचेच राहिले, घरातल्या किंवा कामाला येणाऱ्या मावशींचे. जुन्या घरांची शिस्त त्या हातांच्या सोयीची होती. तळण संपताच तेल गाळावे, करपलेला चुरा काढावा, कढई कागदाने पुसून गरम पाणी घालावे. हे काम तळणाऱ्याचे किंवा खाणाऱ्याचे आहे. एवढे त्याच वेळी केले तर थर सहसा घट्ट बसत नाही आणि सकाळी येणाऱ्या बाईला मनगट दुखेपर्यंत घासावे लागत नाही.